मोगरवाडीची महादुर्बीण

"यंदा ढाल आपलीच. शोकेसमध्ये जागा करून ठेवा," असं शर्लिनने भर सभेत सांगून टाकलं, तेव्हा ढाल जिंकायला लागणाऱ्या गोष्टींपैकी तिच्याकडे फक्त एकच होती. आवाज.

पण आवाज मात्र असा, की केळीच्या बागेतले बगळे उडावेत! सहामाहीपर्यंत हीच मुलगी हजेरीला "यस टीचर" म्हणतानासुद्धा बाकाखाली शिरायची. मग वक्तृत्व स्पर्धेत कोणीतरी चुकून तिचं नाव दिलं, ती चुकून बोलली आणि चुकून पहिली आली. तेव्हापासून जो नळ सुटला, तो बंद कुठून करायचा हे तिच्या पप्पांना, म्हणजे ऑगस्टीनना, अजून सापडलं नव्हतं.

सभा होती मोगरवाडीची. वसईत होळी नावाच्या बाजाराकडून आत वळलं की पालेभाजीचे वाफे आणि मोगऱ्याचे ताटवे ओलांडून जी अकरा घरं लागतात, ती मोगरवाडी. विषय होता नाताळचा गोठा. बाळ येशूचा जन्म बेथलेहेमला झाला हे वसईत सगळ्यांना मान्य आहे. वाद असतो तो फक्त कुठल्या वाडीतलं बेथलेहेम भारी, एवढाच. त्यासाठी गोठ्यांची स्पर्धा असते, परीक्षक असतात आणि एक फिरती ढाल असते. फिरती आपली म्हणायची. शेजारच्या पानमळा वाडीत ती जी एकदा जाऊन बसली, ती उठायचं नाव घेत नव्हती. पानमळ्याने एका वर्षी मेंढपाळांच्या डोक्यावर चांद्रयान उतरवलं, एका वर्षी मारिया आणि योसेफला चक्क मेट्रोने बेथलेहेमला आणलं.

आणि मोगरवाडीने? मोगरवाडीने दर वर्षी धबधबा केला. कारण गोठ्याचा कारभार रायनकडे. रायन शर्लिनचा चुलतभाऊ, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि त्याच्याकडे पाण्याची एक मोटर होती. मोटर आहे म्हटल्यावर धबधबा आलाच.

"मग तू काय करायचं म्हणतेस?" सिप्रियन अंकलनी विचारलं. अंकल कुवेतला नोकरी करून आलेले. वाडीतला सगळ्यांत उंच बंगला त्यांचा, म्हणून सभा त्यांच्याच अंगणात आणि पहिला प्रश्नही त्यांचाच.

"दुर्बीण," शर्लिन म्हणाली. "जगातली सगळ्यांत मोठी."

"येशू जन्मला तवा दुर्बीन होती काय गो?" रिटा मावशीने विचारलं. रिटा मावशी मूळची पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. लग्न होऊन वाडीत आली त्याला जमाना झाला, पण तिच्या बोलण्यातला समुद्र काही ओसरला नव्हता.

"धबधबा होता?"

सभा हसली. रायन नाही हसला.

आता शर्लिनच्या डोक्यात दुर्बीण शिरली कुठून, ते सांगायला हवं. शाळेत संपदा मॅडम येऊन गेल्या होत्या. मॅडमचे आईवडील जवळच उमेळ्याच्या एका नव्या टॉवरमध्ये राहतात. त्या स्वतः असतात पुण्याला, आणि काम करतात एका महादुर्बिणीचं. ही दुर्बीण काही देश मिळून बांधणार आहेत. तिचा आरसा तीस मीटर रुंद. शाळेचं पटांगण झाकून टाकील एवढा! इतका मोठा आरसा अखंड घडवता येत नाही, म्हणून चारशे ब्याण्णव षटकोनी तुकडे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे शेजारी शेजारी. त्यात भारताचा वाटा साधारण दहावा हिस्सा. आणि शर्लिन जिथे बाकावरून उठून उभीच राहिली ती गोष्ट म्हणजे, हा वाटा सगळा रोख द्यायचा नाही. बराचसा वस्तूंच्या रूपात. काही आरसे आपण घासूनपुसून गुळगुळीत करून द्यायचे, तुकडे केसभरसुद्धा इकडेतिकडे होऊ नयेत म्हणून लागणारी यंत्रं आपण बनवून द्यायची. बदल्यात, ज्याचा जेवढा वाटा, तेवढा वेळ दुर्बीण त्याची.

"हे तर आपल्याकडे आधीच झालंय," शर्लिन सभेला म्हणाली. "पूर्वेकडून तीन राजे आले, ते होते कोण? ताऱ्यांचा अभ्यास करणारे. वेगवेगळ्या देशांचे. तारा दिसला आणि तिघांनी मिळून मोहीम काढली. बरं, वाटा कसा दिला? एकाने सोनं आणलं, म्हणजे रोख. दुसऱ्याने धूप, तिसऱ्याने गंधरस, म्हणजे वस्तू. सगळं तयार होतं, फक्त दुर्बीण तेवढी राहून गेली. ती आपण देऊ."

असा अर्थ चर्चच्या फादरांनीही कधी लावला नव्हता.

"आनि खर्च?" रिटा मावशी भानावर आली.

"कोणी एक रुपया काढायचा नाही. प्रत्येक घराने फक्त एक आरसा द्यायचा."

हे ऐकल्यावर वाडीचा विज्ञानावरचा विश्वास एकदम वाढला. रायन तेवढा हाताची घडी घालून उभा होता.

"आणि ढाल नाही आली तर?"

"तर पुढच्या वर्षी तुझ्या धबधब्याचं पाणी मी भरीन. विहिरीवरून. कळशीने."

"आणि गोठा कायमचा माझ्याकडे. परत भाषण नाही."

"दिला," शर्लिन म्हणाली. ढाल गेली तर पुन्हा त्या बाकाखाली जावं लागणार, असं तिला उगाचच वाटत होतं. आणि बाकाखालची जागा किती अरुंद असते ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

आरसे यायला लागले. सिप्रियन अंकलनी कुवेतहून आणलेल्या ड्रेसिंग टेबलाचा आख्खा आरसा दिला, आणि वर गच्चीवर वर्षानुवर्षं कावळे सांभाळत पडलेली जुनी भलीमोठी डिश अँटेनाही दिली. टोपलीसारखी खोलगट, माणूस आडवा झोपेल एवढी. शर्लिनला तर स्वर्गच सापडला. एका घरातून स्कूटरचा आरसा आला, तो शेजारच्या घराच्या स्कूटरचा निघाला. पप्पांनी दाढीचा आरसा दिला आणि त्या दिवसापासून ते मोबाईलमध्ये बघून दाढी करू लागले, त्यामुळे ऑफिसात रोज कोणीतरी "लागलं का हो?" विचारायचं. रिटा मावशीने पावडरच्या डबीतला आरसा दिला, रुपयाएवढा.

"मावशी, हा?"

"आरसा हाय का नाय? मंग. आनि तो मधोमध लावायचा."

होळीच्या बाजारातल्या काचवाल्याने बाकीच्यांचे षटकोनी तुकडे कापून दिले. "मधमाश्या पाळतेयस काय?" त्याने विचारलं. शर्लिनने त्याला सगळी दुर्बीण पहिल्यापासून समजावली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग प्रश्न आला वेळेचा.

"तुझ्या मॅडम म्हणाल्या ना, मोठा वाटा त्याला जास्त वेळ," सिप्रियन अंकल म्हणाले. "मग आमचं कसं?"

"रोज संध्याकाळी एक घर गोठ्यावरच्या चांदणीचं बटण दाबणार. ज्याचा वाटा मोठा, त्याला जास्त दिवस." असे शब्द शर्लिनच्या तोंडून आधी बाहेर पडत आणि मागून ती त्यांच्या मागे धावे.

"मग नाताळची रात्र आमची. आणि थर्टी फर्स्ट."

ते निभावलं. खरा घोळ झाला जागेवरून. दुर्बिणीला हवा उंचवटा, आणि वाडीत उंचवटा एकच, रिटा मावशीच्या घरामागचा. तिथे बांबूंवर तिचे बोंबील वाळत असत.

"तिथं नाय," मावशी म्हणाली. "तिथं माझं बोंबील. दुर्बीन तुझ्या पप्पाच्या डोक्यावर लाव."

शर्लिनला धक्का बसायला हवा होता, पण उलट ती हरखली. अगदी खऱ्या प्रकल्पासारखं चाललं होतं की! मॅडम म्हणाल्या होत्या, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटावर जो डोंगर निवडला, तो तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा. त्यांचा विरोध. दुसऱ्या बेटाचीही चर्चा. शर्लिन बालवाडीत होती तेव्हा आपल्या सरकारने पैसे मंजूर केले, ती नववीत आली तरी दुर्बीण जागेसाठी ताटकळतेय. मोगरवाडीला एवढा वेळ नव्हता. नाताळ तोंडावर आला होता.

"मावशी, ज्याची जागा असते ना, त्याला वाट्याशिवायचा वेळ मिळतो. फुकट."

"किती येल?"

"रोज थोडा."

"रोज?" मावशीने एकदा शर्लिनकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि बोंबील उचलले. हा शब्द तिने पदराच्या गाठीला बांधून ठेवला. शर्लिन मात्र तो जागच्या जागी विसरली.

डिश उंचवट्यावर चार दगडांत रोवली. तोंड समोरच्या माडाकडे, आणि माडावर बेथलेहेमचा तारा, म्हणजे आत मोठा बल्ब असलेली कागदी चांदणी. डिशमध्ये आरशांचे तुकडे. प्रत्येक तुकड्यामागे मातीचे तीन गोळे. अंगठ्याने दाबला की तुकडा हवा तिकडे कलतो. खऱ्या दुर्बिणीत याला यंत्रं असतात, मोगरवाडीत चिखल होता. डिशच्या पुढ्यात, सगळे तुकडे मिळून जिथे प्रकाश टाकतात त्या नेमक्या जागी, एका स्टुलावर धूप आणणारा राजा. हा राजा रिटा मावशीच्या सासूच्या वेळचा, प्लास्टरचा, आणि मावशीचा जीव की प्राण. दर नाताळला ती त्याला नवा कापूस लावून पांढरीशुभ्र दाढी करायची. "माणसाला नवीन कपडं, राजाला नवीन दाढी," असं तिचं म्हणणं. स्टुलाच्या पायाशी पेंढा, पेंढ्यात गोठा, गोठ्यामागे काथ्याचा डोंगर. डोंगर रायनने करून दिला. "डोंगर तरी करू दे," म्हणाला. शर्लिनने मोठ्या मनाने करू दिला.

पहिल्या संध्याकाळी सिप्रियन अंकलनी बटण दाबलं आणि अकरा घरांच्या आरशांनी चांदणीचा उजेड गोळा करून राजाच्या चेहऱ्यावर ओतला. राजा असा उजळला, की आत्ता बोलेल! रिटा मावशीने डोळे पुसले. रायनसुद्धा म्हणाला, "बरंय." रायनच्या तोंडून 'बरंय' म्हणजे बोर्डात नव्वद टक्के.

दुसऱ्या संध्याकाळी राजा अंधारात.

शर्लिनने एकेक तुकडा पाहिला. प्रत्येक आरसा भलतीकडेच बघत होता. तिने सकाळी उठून सगळे सरळ केले. संध्याकाळी पुन्हा तेच. मांजरं असतील? कावळे? पानमळ्याचे हेर? सुट्टी लागली होतीच. शर्लिन दुपारभर केळीआड दबा धरून बसली.

पहिले आले सिप्रियन अंकल. इकडे तिकडे बघितलं, आपल्या तुकड्यांवर अंगठा दाबला आणि मान तिरकी करून खात्री केली, की आता डिशमध्ये त्यांच्या बंगल्यावरची नाताळची चांदणी दिसतेय. मग स्कूटरवाले. मग ज्यांची स्कूटर ते. प्रत्येक जण येत होता, आपला आरसा आपल्या घराकडे वळवत होता आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने निघून जात होता, जसं काही चर्चच्या मिस्सेत दानपेटीत टाकायचं राहून गेलंय. शेवटी आली ती आकृती ओळखून तर शर्लिन केळीसकट उभी राहिली.

"पप्पा, तुम्हीपण?"

"मी कुठे, वाऱ्याने हलला तो."

"वाऱ्याला अंगठा असतो?"

पप्पांनी अंगठ्याची माती पँटला पुसली. "अगं, आपल्या दारातली चांदणी तू स्वतः केलीस. परीक्षक येणार, त्यांना दिसायला नको? माझ्या पोरीचं काम?"

याच्यावर रागवायचं कसं हेच तिला कळेना. पण त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना उंचवट्यावर गोळा केलं. "तीन राजे असे असते, तर तिघे तीन गावांना पोचले असते," ती म्हणाली. "दुर्बीण अकरा घरांची, पण तारा एकच बघायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि अंगठे मागे लपवले.

तेव्हा शर्लिनने तो ऐतिहासिक निर्णय घेतला. परीक्षणाच्या आदल्या संध्याकाळी चांदणी लावून तिने एकेक तुकडा माडाकडे वळवला, सगळ्यांचा प्रकाश राजाच्या नाकावर आणून ठेवला, आणि चिखल काढून त्या जागी एम-सील भरलं. सिंकच्या पाईपला लावतात तेच. सकाळपर्यंत त्याचा दगड झाला.

"आता अंगठे मोडतील," ती रायनला म्हणाली, "आरसा हलणार नाही."

"नक्की?" रायनने विचारलं.

"भूकंप झाला तरी."

परीक्षक दर वर्षी अंधार पडल्यावर येतात. या वर्षी गोठे जास्त, म्हणून ते दुपारी चारलाच निघाले, आणि पहिला गोठा मोगरवाडीचा! निरोप आला तेव्हा शर्लिनच्या हातातली नाताळच्या फराळाची फुगी तशीच राहिली. दिवसाउजेडी चांदणी कोणाला दिसणार? पण विचार करायला वेळच मिळाला नाही. फादर आलोशियस वाडीत शिरले होते, हातात गुणांचा कागद. आणि त्यांच्या शेजारी, नाताळला उमेळ्याला आलेल्या आणि चर्चच्या धर्मग्रामाने पाहुण्या परीक्षक म्हणून बोलावलेल्या, साक्षात संपदा मॅडम.

शर्लिनने श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. तीन राजे, सोनं, धूप, गंधरस, वाटा, आरसे. फादर मान डोलवत होते. मॅडम हसू दाबत होत्या, पण ते कौतुकाचं हसू होतं. आणि तेवढ्यात चमत्कार झाला. राजाचा चेहरा उजळला! चांदणीचं बटण कोणी दाबलेलंही नव्हतं.

"अरे वा, दिवसासुद्धा?" फादर पुढे झाले.

राजा कालच्यापेक्षा उजळला. मग त्याहून उजळला. मग त्याच्याकडे बघवेना. आणि मग राजाच्या हनुवटीपासून एक निळसर, नाजूक धुराची रेघ वर चढू लागली.

"धूप," फादर हळूच म्हणाले आणि त्यांनी क्रुसाची खूण केली. "राजाने आणलेला धूप. इतक्या वर्षांत असा गोठा मी पाहिला नाही."

वाडीने टाळ्या वाजवल्या. "तो धूर आमच्या आरशाच्या वाट्याचा," सिप्रियन अंकल शेजाऱ्याला सांगत होते. फादरांनी पेन काढलं. शर्लिनला कागद उलटा दिसत होता, पण एकावर शून्य तिने ओळखलं. दहापैकी दहा. ढाल! शोकेस! रायनचा चेहरा!

फक्त एकच अडचण होती. तिने धूप ठेवलेलाच नव्हता.

तिने मागे वळून पाहिलं. दुपारचा सूर्य उतरत उतरत बरोबर माडावरच्या चांदणीमागे येऊन बसला होता. सगळे तुकडे त्या दिशेने, एका मतानं, एकजुटीनं, एम-सीलसकट. इतके दिवस सूर्य रोज तिथूनच जात होता, पण वाडीतल्या अंगठ्यांनी प्रत्येक आरसा आपापल्या घराकडे वळवून राजाला वाचवलं होतं. आज पहिल्यांदाच मोगरवाडी एकत्र आली होती.

राजाची दाढी कडेने बिस्किटासारखी तपकिरी व्हायला लागली.

गप्प बसावं? आणखी दोन वाक्यं लिहून होईपर्यंत? शर्लिनने रिटा मावशीकडे पाहिलं. मावशी हात जोडून उभी होती, आपल्या राजाकडे बघत, भरल्या डोळ्यांनी. शर्लिनने तोंड उघडलं. आणि आवाजच फुटेना! जो आवाज सहामाहीपासून एक क्षण बंद पडला नव्हता, तो नेमका आत्ता बाकाखाली जाऊन बसला. तिने घसा खाकरला आणि एकदाची ओरडली.

"फादर, तो धूप नाही. राजा पेटलाय!"

मग जे झालं ते एकदमच झालं. दाढीने पेट घेतला, दाढीतली ठिणगी पेंढ्यात पडली. सिप्रियन अंकल धावत जाऊन आपल्या आरशावर अंगठा दाबू लागले. स्कूटरवाले धावले. पप्पा धावले. अकरा घरांचे सगळे अंगठे डिशवर तुटून पडले, पण आरसा तसूभर हलेना.

"काय लावलंयस याला?" सिप्रियन अंकल ओरडले.

"एम-सील."

"अगं, पण कशाला?"

"तुमच्यासाठीच."

डिश उचलावी तर चार दगडांत रोवलेली. रिटा मावशी राजाला उचलायला निघाली, तिला मॅडमनी मागे ओढलं. तेवढ्यात काथ्याच्या डोंगरामागून एक ओळखीचा आवाज आला. घुर्रर्र. आणि डोंगराच्या माथ्यावरून, दर वर्षीप्रमाणे, दर वर्षीपेक्षा दुप्पट जोरात, रायनचा धबधबा कोसळला! राजावर, पेंढ्यावर, योसेफवर, फादरांवर, मॅडमवर आणि दहापैकी दहावर.

आग विझली. धबधबा चालूच राहिला.

"बंद कर रे आता," पप्पा म्हणाले.

"बटण भिजलंय," डोंगरामागून रायन म्हणाला.

टाकी रिकामी होईपर्यंत सगळे धबधब्याचं सौंदर्य बघत उभे राहिले. दुसरं करणार काय!

"तू धबधबा लावून ठेवला होतास?" शर्लिनने विचारलं. "मला न सांगता?"

"वेळ पडली तर म्हणून. तू भूकंप म्हणालीस, तेव्हाच मला भीती वाटली."

रिटा मावशीने राजाला उचलून पदराने पुसलं. दाढी गेली होती, बाकी धक्काही लागला नव्हता. "बघ," ती म्हणाली, "केवढा तरना दिसतो."

संपदा मॅडम ओढणी पिळत डिशजवळ आल्या. "शर्लिन, घुमट कुठे आहे?"

"कसला घुमट?"

"दुर्बिणीवर घुमट असतो. दिवसा बंद ठेवतात. सूर्याकडे तोंड करून कोणी उघडी ठेवतं का?"

शर्लिनने खाली बघितलं. "तो कोणाच्या वाट्याला आला नव्हता, मॅडम."

मॅडम हसायला लागल्या त्या थांबेचनात. "सगळे तुकडे एका ठिकाणी आणलेस ना पण? त्याच्यासाठी आमची माणसं वर्षानुवर्षं डोकं फोडतात. आणि दुसरं म्हणजे, तुमची दुर्बीण उभी तरी राहिली. आमची अजून जागा शोधतेय."

हे वाक्य शर्लिनने पुढे वाडीभर सांगितलं. पण वाक्याला ढाल मिळत नाही. ढाल पुन्हा पानमळ्यालाच गेली. मोगरवाडीला खास उल्लेखाचं बक्षीस मिळालं, एक स्टीलचा जग, आणि कागदावर लिहिलं होतं: उत्कृष्ट धबधबा.

"कळशी घासून ठेव," जग छातीशी धरून रायन म्हणाला. मग जाता जाता म्हणाला, "डोंगरावर काहीतरी लागेलच पुढच्या वर्षी. आरसेबिरसे. घुमटासकट." रायनच्या मानाने हे म्हणजे जवळजवळ भाषणच होतं.

आरसे परत घ्यायचे म्हटले तर एम-सील सुटेना, म्हणून दुर्बीण उंचवट्यावरच राहिली. आणि एके दिवशी दुपारी चारला रिटा मावशीने पदराची गाठ सोडली. "रोज थोडा येल, बोललेलीस," तिने शर्लिनला आठवण दिली आणि राजाच्या जागी स्टुलावर एक वांगं ठेवलं. बघता बघता वांग्याची साल तडकली. संध्याकाळी वाडीभर भरिताचा असा वास सुटला, की दुसऱ्या दिवशी सिप्रियन अंकलच्या अंगणात पुन्हा सभा!

आता सगळ्यांना आपापला वाटा आठवला. रायनने डिशखाली जुनं सायकलचं चाक बसवून दिलं, म्हणजे ती सूर्यामागे फिरते. सर्वांत मोठा वाटा सिप्रियन अंकलचा, त्यांना आंघोळीच्या पाण्यासाठी सकाळ. स्कूटरवाल्यांना पापडांसाठी दुपार, ज्यांची स्कूटर त्यांना त्यानंतर. चारला यजमान देश, म्हणजे मावशीचं वांगं. पप्पांचा वाटा दाढीच्या आरशाएवढा. त्यांच्या वाट्याला येईपर्यंत सूर्य मावळला होता.

"मग आम्हाला काय उरलं?" शर्लिनने आवाज चढवला.

"सूर्य गेल्यावरचं सगळं तुझं," सिप्रियन अंकल उदारपणे म्हणाले. "अख्खी रात्र."

शर्लिनने मनात हिशेब केला. अख्खी रात्र? रोजची? देशचे देश पैसे ओततात, आरसे घासतात, वर्षानुवर्षं वाट बघतात, ते कशासाठी? थोड्या रात्रींसाठी! आणि इथे वाडीने तिला सगळ्याच्या सगळ्या देऊन टाकल्या होत्या. तिने चेहऱ्यावर शक्य तितकं दुःख आणून ते मान्य केलं.

दिवे लागल्यावर ती उंचवट्यावर गेली, राजाच्या स्टुलावर बसली आणि आपल्या वाट्याच्या दुर्बिणीत डोकावली. अकरा घरांच्या आरशांत तिला अकरा घरांची नाकं दिसली, म्हणजे तिचंच एक नाक तितक्या ठिकाणी, आणि प्रत्येकावर वांग्याची काजळी. पण मधोमध, रिटा मावशीच्या त्या रुपयाएवढ्या आरशात, काहीतरी चमकत होतं. लहानसं, पांढरं, स्थिर. तारा! तिच्या दुर्बिणीचा पहिला तारा!

ती हळूच वळली आणि वर पाहिलं. तारा माडावरून पुढे सरकला, पोटाखालचा लाल दिवा मिचकावला आणि घरघरत मुंबईला उतरायला निघून गेला.

रायनला तिने तारा दिसला एवढंच सांगितलं.